मेरी जॅक्सनने इंजिनिअरिंग सोडलं, ते बरोबर केलं का?

मृण्मयी_ठाणे

नासातल्या तीन कृष्णवर्णीय बायकांवरचा तो २०१६ चा 'हिडन फिगर्स' सिनेमा इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातली मेरी जॅक्सन, गोऱ्यांच्या शाळेत रात्रीचे वर्ग करून इंजिनिअर होणारी, मला सगळ्यात जास्त आवडली होती. सिनेमा तिथेच थांबतो. पुढचं आयुष्य वाचायला घेतलं आणि एका ठिकाणी अडकले, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म ९ एप्रिल १९२१, व्हर्जिनियातलं हॅम्पटन. तिथल्याच हॅम्पटन इन्स्टिट्यूटमधून १९४२ साली गणित आणि भौतिक विज्ञान या दोन्ही विषयांत पदवी. मग मेरिलँडमध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळेत वर्षभर शिक्षिका, परत हॅम्पटनला येऊन एका क्लबात स्वागतिका, मग हिशेबनीस, मुलगा झाल्यावर घरी, मग लष्कराच्या कचेरीत सेक्रेटरी. १९५१ साली लँग्लीच्या विमानशास्त्र प्रयोगशाळेत (हीच पुढे नासाचा भाग झाली) आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांच्या विभागात लागली. १९५८ साली इंजिनिअर. नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर.

आणि १९७९ साली या बाईने इंजिनिअरचं पद स्वतःहून सोडलं. त्याच संस्थेत दर्जाने खालची नोकरी घेतली, महिला कर्मचाऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाची व्यवस्थापक म्हणून. १९८५ साली तिथूनच निवृत्त.

मला हे पटलेलं नाही. एवढा आटापिटा करून मिळवलेली खुर्ची, नावावर डझनभर संशोधन अहवाल, आणि ते सोडलं कशासाठी, तर बैठका घ्यायला? शिवाय तिच्यावरच्या बहुतेक लेखांच्या शेवटी 'कुटुंब आणि चर्च यांना वाहिलेलं आयुष्य' छापाचं एक वाक्य असतं. मला आपल्या निधनवार्तांमधलं 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' आठवलं. पुरुष इंजिनिअरबद्दल असं लिहितात का कधी?

तुमचं मत काय? (सिनेमावर वेगळा धागा आहे. इथे गाणी, अभिनय वगैरे नको, प्लीज.)

रिकामा_पेन्शनर

पहिला! धागा रंगणार असं दिसतंय. चहा टाकून येतो.

बोल्ट_नट

चांगला विषय. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे आधी तिचं काम काय होतं ते सांगतो. नाहीतर 'नासात होती' म्हणजे रॉकेट उडवत होती असा समज होतो.

लँग्लीत एक सुपरसॉनिक प्रेशर टनेल होता, म्हणजे मॉडेलवर वेगवान वारा सोडून बघायचा बोगदा. ज्यात मॉडेल बसवायचं ती पोकळी चार फूट बाय चार फूट, त्यामागे साठ हजार अश्वशक्ती, आणि वाऱ्याचा वेग आवाजाच्या जवळपास दुप्पट. तिथे चार्नेकी नावाच्या इंजिनिअरच्या हाताखाली ती आली, त्याने तिला नुसत्या आकडेमोडीवर न ठेवता प्रयोगाला घेतलं आणि 'तू इंजिनिअर हो' म्हणून मागे लागला. १९५८ चा तिचा पहिला अहवाल त्याच्याच जोडीने आहे. विषय असा: सुपरसॉनिक वेगात जाणाऱ्या शंकूच्या टोकाचा कोन बदलला, वेग बदलला, की पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा थर नेमका कुठे विस्कटतो.

नळ हळू सोडला की धार काचेसारखी दिसते आणि खाली कुठेतरी फुटते, बघा. विमानाच्या कातडीवर हवेचं तसंच होतं. थर गुळगुळीत आहे तोवर घर्षण कमी. विस्कटला की घर्षण वाढतं, उष्णता वाढते, इंधन जातं. ती जागा मागे ढकलता आली तर फायदाच फायदा. पण ती जागा सूत्राने मिळत नाही, बोगद्यात मॉडेल लावून, दाब मोजून, ढीगभर आकडे तपासून शोधावी लागते. ही बाई वर्षानुवर्षं तेच करत होती. १९७५ मध्येही तिचे अहवाल आहेत: वाहत्या हवेच्या समोर पायरी आली तर प्रवाह कसा सुटतो, लाटांसारखा खडबडीतपणा असला तर दाब कसा पसरतो.

म्हणजे १९७९ साली तिचा हात चालू होता. त्यामुळे मृण्मयीशी सहमत. नुकसान झालं.

कुरडई

सिनेमावर बोलायचं नाही हे मान्य, पण कोर्टातला तो सीन! न्यायाधीशासमोर ती बोलते तेव्हा आमच्या घरी सासूबाईंनीसुद्धा शिट्टी मारली होती. एवढंच. गप्प बसते.

जुना_बंदर

मी हॅम्पटनच्या पलीकडच्या तीरावर, नॉरफोकला राहतो. जहाजांच्या कामात आहे. इकडे मेरी जॅक्सन म्हणजे गावातली व्यक्ती, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

कुरडईताई, सासूबाईंना सांगू नका, पण कोर्ट वगैरे झालं नव्हतं. तिने हॅम्पटन शहराकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली. व्हर्जिनिया विद्यापीठाचे ते रात्रीचे वर्ग गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या हॅम्पटन हायस्कूलच्या इमारतीत भरायचे. या शाळेच्या बाहेरून ती आयुष्यभर ये-जा करत होती. पहिल्यांदा आत गेली तर काय? जुनाट, कुबट वासाची, मोडकळीला आलेली इमारत. यांच्यापासून राखून राखून ठेवलं ते हे!

दुसरं, सिनेमातला तो लांबच्या स्वच्छतागृहाचा प्रसंग त्या तिघींतल्या कॅथरीन जॉन्सनच्या नावावर घातलाय. तसा अनुभव आला मेरीला. कामासाठी पूर्व भागातल्या इमारतीत पाठवलं होतं, तिथल्या गोऱ्या सहकारी बायकांना तिने स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं, तर त्या खिदळल्या. तुमचं कुठे ते आम्हाला काय माहीत! ती संतापून परतली आणि वाटेत भेटलेल्या चार्नेकीसमोर सगळं ओकली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, माझ्याकडे काम करायला ये. बोल्ट_नटने लिहिलेला बोगदा तो हाच.

आणि साल लक्षात घ्या. १९५८ च्या सप्टेंबरात, गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून व्हर्जिनिया राज्याने आमच्या नॉरफोकमधल्या शाळा चक्क बंद केल्या होत्या. त्याच वर्षी पाण्यापलीकडे ही बाई इंजिनिअर झाली.

सई_चाकण

स्वच्छतागृहाचं वाचून हसू आलं आणि रागही. मी डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात लागले तेव्हा शॉपफ्लोअरवर मी एकटीच बाई. लेडीज टॉयलेट ॲडमिनच्या इमारतीत, आणि मधे ट्रक लागायचे यार्ड. पावसाळ्यात छत्री घेऊन जायचं, आणि परत आलं की सुपरवायझर घड्याळाकडे बघणार. मी पाणी पिणंच कमी केलं होतं. एचआरला तीनदा मेल टाकला. उत्तर यायचं, 'नोटेड'.

मग एचआरमध्ये एक नवीन मॅडम आल्या, ज्या आधी स्वतः प्रॉडक्शनला होत्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात माझ्यासोबत ते यार्ड चालून बघितलं. टॉयलेट झालं. म्हणून मृण्मयी, 'बैठका घ्यायला' हे जरा लागलं गं. त्या खुर्चीवर कोण बसतं यानं फार फरक पडतो.

विवेकवादी_विनय

सगळं ठीक, पण चर्चचं काय एवढं कौतुक? दिवसभर वाऱ्याचे दाब मोजायचे आणि रविवारी चमत्कारांवर माना डोलवायच्या? आपल्याकडे उपग्रह सोडण्याआधी नारळ फोडला की आपण हसतो. मग इथे मात्र 'श्रद्धाळू कुटुंबवत्सल इंजिनिअर' म्हणून हार घालायचे? दुटप्पीपणा आहे.

रिकामा_पेन्शनर

चहा आणला. आता भजी पण टाकतो.

दानिएल_नगरकर

विनय, तुमच्या प्रश्नाला राग न धरता उत्तर देतो. मी नगरचा, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. रविवारी देवळात (हो, आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात) रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं म्हणत वाढलो. चर्च म्हणजे नुसतं प्रवचन असं वाटत असेल तर तुम्ही कधी आमच्या हंगामाच्या सणाला आलेला नाही. गरिबाच्या पोराची फी कोणी भरायची, कोणाच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळेल, कोणाचा नवरा पितो, सगळं तिथेच ठरतं.

मेरी जॅक्सनचं चर्च हॅम्पटनचं बेथेल, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचं. हा पंथ कसा निघाला ते बघा. फिलाडेल्फियात एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना 'ही जागा तुमची नाही' म्हणून प्रार्थनेच्या मधूनच उठवलं. रिचर्ड ॲलन आणि त्याचे सोबती जे बाहेर पडले ते परत गेले नाहीत. ॲलन जन्माने गुलाम, स्वतःची किंमत मोजून सुटलेला. त्याने एक लोहारकामाची शेड विकत घेतली, घोड्यांनी ओढत आपल्या जागेवर आणली आणि १७९४ साली तिथे बेथेल चर्च सुरू केलं. १८१६ ला स्वतंत्र पंथ झाला. म्हणजे याची सुरुवातच 'आम्हाला उठवलंत, आम्ही आमचं बांधू' अशी आहे.

पुढे दीडशे वर्षं शाळा गोऱ्यांच्या हातात, कोर्ट गोऱ्यांचं, बँक गोऱ्यांची. सभा घ्यायला, पैसे जमवायला, पोरांना चार लोकांसमोर उभं राहून बोलायला शिकवायला स्वतःच्या मालकीची इमारत एकच होती. मेरीचे वडील त्याच बेथेलचे आधारस्तंभ. सिनेमातली तिसरी, डोरोथी वॉन, पण याच पंथाची. कॅथरीन जॉन्सन प्रेस्बिटेरियन, तिने पन्नास वर्षं चर्चच्या कॉयरमध्ये गायलं. तिघीही एकाच वेळी भोळ्या होत्या असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

विवेकवादी_विनय

सामाजिक संस्था म्हणून समजलं, मान्य. चमत्कारांबद्दल माझं मत तेच आहे. :)

दानिएल_नगरकर

असू द्या. हंगामाच्या सणाला तरी या, जेवण चांगलं असतं.

जुना_बंदर

दानिएलभाऊंच्या मुद्द्याला जोड. हॅम्पटनमध्येच फोर्ट मन्रो आहे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच तीन गुलाम रात्री होडीने पळून या किल्ल्यात आले आणि तिथल्या सेनापतीने त्यांना मालकाकडे परत द्यायला नकार दिला. मग हजारो आले. त्यांच्या मुलांना शिकवायला मेरी पीक नावाची बाई एका ओकच्या झाडाखाली बसायची. ते झाड अजून आहे, हॅम्पटन विद्यापीठाच्या आवारात, फांद्या जमिनीला टेकलेल्या. हॅम्पटन इन्स्टिट्यूट निघाली १८६८ ला. मेरी जॅक्सन शिकली ती हीच. आणि लँग्लीच्या आधी तिने लष्कराच्या ज्या कचेरीत सेक्रेटरी म्हणून काम केलं, ती कचेरी फोर्ट मन्रोतच होती.

अश्मक

१८६८ वरून आठवलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७३ ला, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तिकडची बातमी होती आणि आपल्याकडच्या प्रश्नाशी तिचं नातं लावता येत होतं. आज आपण सिनेमा आल्यावर जागे होतो.

कुरडई

अवांतर: काल भाच्यासाठी प्रेशरची पिचकारी शोधताना कळलं की ती सुपर सोकरवाली बंदूक लॉनी जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय इंजिनिअरनेच शोधली! नासाच्या गॅलिलिओ यानावर काम करायचा. १९८२ मध्ये घरच्या बाथरूममध्ये पाण्यावर चालणारा हीट पंप जोडून बघत होता आणि नोझलमधून जी चिळकांडी उडाली ती थेट पलीकडे. गुरूवर यान एकीकडे आणि होळीला माझं झालेलं पोतेरं दुसरीकडे.

रिकामा_पेन्शनर

या माणसाला भारतरत्न द्या. किंवा आमच्या सोसायटीकडून नोटीस तरी.

अश्मक

अवांतरात अवांतर: कुटुंब, चर्च आणि इंजिनिअरिंग हे त्रिकूट पुरुषांच्या चरित्रातही दिसतं. लुईस लॅटिमर बघा, जन्म १८४८, आईवडील गुलामीतून पळून आलेले. बेलच्या टेलिफोनच्या पेटंटची चित्रं त्याने काढली, दिव्यातली कार्बनची तार बनवण्याच्या पद्धतीचं १८८२ चं पेटंट त्याचं. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये युनिटेरियन चर्चच्या संस्थापकांत तो होता, बायको-मुलींवर जीव, कविता करायचा. मृण्मयी, तुमच्या 'पुरुषाबद्दल लिहितात का' या प्रश्नाला हे उत्तर. लिहितात. निदान या समाजातल्या पुरुषांबद्दल तरी.

मृण्मयी_ठाणे

लॅटिमर माहीत नव्हता, धन्यवाद. दानिएलदादा, चर्चचा मुद्दा पटला आणि तो प्रतिसाद मी वेगळा काढून ठेवलाय. सई, यार्डाचं वाचून अंगावर काटा आला.

पण माझा प्रश्न तसाच आहे. चर्च आणि समाजकार्य ती तीस वर्षं नोकरी सांभाळून करतच होती की! गर्ल स्काउटची पोरं सांभाळली, निधी गोळा करायच्या मोहिमा चालवल्या, १९७६ ला लँग्लीने तिला वर्षाची उत्कृष्ट स्वयंसेविका म्हणून निवडलं. मग बोगदा का सोडायचा? ते दोन्ही जमत होतं ना?

सुलभा_मावशी

मी सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले (ड्राफ्ट्सवूमन म्हणायची पद्धत नव्हती) आणि उपअभियंता होऊन निवृत्त झाले. मला यात कोडं काहीच दिसत नाही.

नोकरीत एक पायरी अशी येते की त्याच्या वर जायला 'साहेब' व्हावं लागतं. काम येऊन भागत नाही, कोणीतरी वर ओढावं लागतं. मेरी जॅक्सन त्या पायरीवर येऊन थांबली होती. पर्यवेक्षक न होता इंजिनिअरला जितकं वर जाता येईल तितकी ती गेली होती, आणि वरची दारं बायकांना उघडत नव्हती. तिला ते दिसत होतं. अजून सहा वर्षं त्याच टेबलावर बसून दोन अहवाल जास्त लिहिले असते, हे खरं. पण माझ्या पाठीमागून आलेल्या दोन मुलांना माझ्याच हाताखाली शिकून माझे साहेब झालेलं मी पाहिलंय. तेव्हा माणसाला वाटतं की आता निदान पुढच्या मुलीचं तरी अडू नये. तिने कर्मचारी भरतीच्या आणि बढतीच्या टेबलावर जाऊन बसायचं ठरवलं. मी असते तर हेच केलं असतं. आमच्याकडे तसं टेबलच नव्हतं, हा भाग वेगळा.

सई_चाकण

मावशी, दंडवत.

बोल्ट_नट

मावशी, तुमचा मुद्दा पटतो, पण तो थोडा उलटा करून बघा. तिला वर जाऊ दिलं नाही म्हणून ती बाजूला गेली. मग त्याला 'त्याग', 'सेवा' असली गोड नावं देऊन आपण वरच्यांना मोकळं सोडतो. तिने निवड केली हे खरं, पण ज्या दोन गोष्टींतून निवडायचं होतं त्या कोणी ठरवल्या?

सुलभा_मावशी

अगदी बरोबर. त्यागबिग मी म्हटलेलं नाही बाळा. वर परत वाच.

निशा_ऑस्टिन

उशिरा आले. धागा आवडला. त्या टेबलावर बसून तिने नेमकं काय केलं तेही लिहायला हवं. लँग्लीत कित्येक बायका गणिताची पदवी घेऊन 'गणिती' याच पदनामावर वर्षानुवर्षं असायच्या, आणि तीच पदवी घेतलेला मुलगा 'इंजिनिअर' म्हणून लागायचा. पद वेगळं म्हणून पगार वेगळा, बढतीचा रस्ता वेगळा. कोणता कोर्स केला म्हणजे पदनाम बदलून घेता येईल, अर्ज कसा करायचा, हे मेरी या बायकांना समोर बसवून सांगायची. हा रस्ता ती स्वतः चालून आलेली होती, रात्रीच्या वर्गासकट. हे काम इंजिनिअर नसलेल्या व्यवस्थापकाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

मी इथे सेमीकंडक्टरमध्ये आहे. मला अशी एक बॉस मिळाली होती. तेवढ्यावर माझी पुढची सगळी नोकरी उभी आहे.

दानिएल_नगरकर

गर्ल स्काउटचा विषय निघालाय तर एक प्रसंग. तिचं पथक बेथेल चर्चचंच होतं, सगळ्या कृष्णवर्णीय मुली. एकदा सगळ्या मिळून कापूस वेचण्याचं एक लोकगीत अभिनय करून म्हणत होत्या. वाकायचं, वेचायचं, उड्या मारायच्या. वर्षानुवर्षं म्हटलेलं गाणं. मध्येच मेरीला ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकू आलं. तिने गाणं थांबवलं आणि मुलींना सांगितलं की हे आपण पुन्हा म्हणणार नाही. का, तेही समजावलं. ज्या मुलींनी काय व्हायचं ते अजून ठरायचंय, त्यांनी स्वतःला कापूस वेचताना बघायची सवय का लावून घ्यायची?

मृण्मयीताई, तुम्ही विचारलंत ना, चर्च आणि नोकरी दोन्ही जमत होतं तर बोगदा का सोडला? मला वाटतं तिच्या लेखी ते एकच काम होतं. चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी जे करत होती तेच ऑफिसच्या वेळात करायला मिळालं.

कुरडई

आणि ती लाकडी गाडीची शर्यत? त्यावर कोणीच लिहिलं नाही! १९६० मध्ये तिच्या मुलाने, लेव्हायने, सोपबॉक्स डर्बी जिंकली. इंजिन नसलेली, घरी बनवलेली गाडी उतारावरून सोडायची. हॅम्पटनच्या भागात ती जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय मुलगा. गाडी बनवायला आई होती सोबत. बातमीदाराने मोठेपणी काय होणार विचारलं तर म्हणाला, आईसारखा इंजिनिअर.

रिकामा_पेन्शनर

म्हणजे तिकडेही पोरांचे प्रोजेक्ट आईबापच करतात. मला वाटलं फक्त आमच्या नातवाचा ज्वालामुखीच सूनबाईंनी केला.

बोल्ट_नट

हाहा. पण काका, त्या शर्यतीत आईचा व्यवसाय किती कामाला आला असेल बघा. इंजिन नाही म्हणजे ढकलायला फक्त उतार. मग जिंकायचं कशावर? चाकाच्या घर्षणावर आणि हवेच्या. नाक कसं असावं, पृष्ठभाग किती घासावा, कुठे उंचवटा राहू देऊ नये. जिचा दिवस शंकूची टोकं आणि खडबडीत पृष्ठभाग मोजण्यात जायचा, ती शनिवारी सँडपेपर घेऊन बसली तर दुसऱ्या पोरांनी काय करायचं?

विवेकवादी_विनय

हे मात्र अन्यायकारक आहे. बाकीच्या मुलांच्या वतीने निषेध.

जुना_बंदर

पुढे सत्तरच्या दशकात किंग स्ट्रीटच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मुलांकडून तिने छोटा विंड टनेलही बनवून घेतला होता. मुलांना विज्ञानाची गोडी लागायची तर असं काहीतरी करायलाच हवं, म्हणाली. विनय, आता त्या मुलांच्या वतीने धन्यवाद द्या.

११ फेब्रुवारी २००५ ला ती गेली, हॅम्पटनमध्येच. दफनही बेथेलच्याच दफनभूमीत. २०२० मध्ये वॉशिंग्टनमधल्या नासाच्या मुख्यालयाला तिचं नाव दिलं. पण मला त्याहून सॉल्ट लेक सिटीची गोष्ट आवडते. तिथे 'जॅक्सन एलिमेंटरी' नावाची शाळा होती, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या नावाची. तो गुलामांचा मालक. २०१८ मध्ये ठरवलं की यापुढे ही शाळा मेरी जॅक्सनच्या नावाची.

रिकामा_पेन्शनर

पाटी रंगवायचा खर्चही फारसा नाही. आमच्या महापालिकेला कळवा कोणीतरी.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार, दोन दिवसांत धाग्याने माझी बरीच शिकवणी घेतली. सुलभामावशींचा आणि निशाचा प्रतिसाद वाचून तिने तसं का केलं हे कळलं. तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण बोल्ट_नट म्हणतोय ते मी सोडणार नाही. जिला चार्नेकीच्या विभागाची प्रमुख करायला हवं होतं तिला पदावनती घेऊन बाजूच्या खोलीत जावं लागलं, ही त्या संस्थेच्या हिशेबातली खोट आहे, आणि मुख्यालयाला चाळीस वर्षांनी नाव देऊन ती भरून निघत नाही.

आता व्यावहारिक प्रश्न. भाची बारावीला आहे, एरोनॉटिक्स म्हणतेय. तिला मेरीचे मूळ अहवाल वाचायला द्यायचेत. कुठे मिळतील?

बोल्ट_नट

नासाच्या तांत्रिक अहवालांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. लेखकाच्या जागी तिचं नाव टाका. १९५८ चा शंकूंवरचा आधी द्या, आलेख बघून समजण्यासारखा आहे. १९७५ च्या लाटांवरच्या अहवालात गणित जड आहे, तो लगेच नको. काही अडलं तर तिला इथेच विचारायला सांगा, नवीन धागा काढून.

सुलभा_मावशी

आणि मेकॅनिकल की एरो याचा सल्ला फक्त बोल्ट_नटकडून घेऊ नकोस म्हणावं. मलाही विचार.